संगणक सुरू व्हावा तो कुठे?

पुरस्कर्ता : संगणकाचे बटण दाबल्यापासून काम हाती येईपर्यंतचे टप्पे ठरलेले आहेत. प्रथम फर्मवेअर जागे होते. जुन्या यंत्रांत ते बायोस, नव्यांत यूईएफआय. मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत ना हे पाहून ते बूटलोडरच्या हाती सूत्रे देते. लिनक्सच्या यंत्रांवर हा बूटलोडर बहुधा ग्रब असतो. तो कर्नल मेमरीत आणतो, कर्नल डिस्क ओळखून मूळ फाइल-व्यवस्था जोडतो आणि पहिला प्रोग्राम चालू करतो. या प्रोग्रामचा प्रक्रिया-क्रमांक नेहमी १ असतो. पुढच्या सगळ्या सेवा तोच उभ्या करतो. इथपर्यंत खिडक्या, चिन्हे, माउसचा बाण यांचा कशाशी संबंध आलेला नसतो. वादाचा मुद्दा त्यानंतरचा आहे. क्रमांक १ च्या प्रोग्रामने यंत्र कुठे आणून सोडावे? काळ्या पडद्यावर ‘लॉगिन’ एवढेच लिहून थांबावे, की ग्राफिकल डेस्कटॉप मांडून मगच ते माणसाच्या स्वाधीन करावे?

आज बहुतेक लिनक्स वितरणांत पहिला क्रमांक सिस्टमडीचा असतो. थांबण्याच्या जागांना तो टार्गेट म्हणतो. ‘मल्टी-युजर’ टार्गेटपर्यंत नेटवर्क, छपाई, नोंदी ठेवणाऱ्या सेवा असे सगळे चालू होते, पण पडदा अक्षरांचाच राहतो. ‘ग्राफिकल’ टार्गेट त्यावर आणखी एक थर चढवते. या थरात डिस्प्ले मॅनेजर नावाचा प्रोग्राम नाव आणि पासवर्ड विचारणारा पडदा आणतो आणि तिथून डेस्कटॉप उघडतो. एका जागेऐवजी दुसरी निवडायला ‘सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट’ ही एक ओळ पुरते. ती फक्त एक दुवा बदलते. त्र्यंबकेश्वरसारख्या गावात सेवा केंद्रात, आश्रमशाळेत, नगरपरिषदेत किंवा तीर्थोपाध्यायांच्या ओसरीवर जी यंत्रे असतात किंवा येतील, त्यांच्यात ही ओळ आधीच लिहिलेली असावी. यंत्र थेट डेस्कटॉपवरच सुरू व्हावे.

शंकाकार : ओळ एकच आहे हे खरे, पण तिचा परिणाम एका ओळीपुरता राहत नाही. जुनी पद्धत काय होती ते आधी पाहू. सिस्टमडी २०१० मध्ये आला. त्याआधी रेड हॅट घराण्याच्या यंत्रांत पातळ्या असत : ३ म्हणजे अक्षरी पडदा, ५ म्हणजे डेस्कटॉप. ‘इनिटटॅब’ या फाइलमधला एक आकडा बदलला की काम झाले. डेबियन या वितरणाने हा भेद ठेवलाच नव्हता. तिथे २ ते ५ या पातळ्या सारख्याच होत्या आणि डिस्प्ले मॅनेजर बसवलेला असेल तर तो सुरू होई. ज्यांनी ३ निवडले ते अक्षरी पडद्यावर येत, यंत्र ठीक आहे हे पाहत आणि मग ‘स्टार्टएक्स’ टाइप करून डेस्कटॉप मागत. डॉसच्या काळी हेच वळण होते. विंडोज ३.१ स्वतःहून येत नसे, ‘विन’ असे टाइप करावे लागे. कंटाळलेली माणसे तो शब्द ‘ऑटोएक्झेक.बॅट’च्या शेवटी लिहून ठेवत. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आले आणि हा प्रश्न बहुसंख्य जगापुरता मिटला. तरी त्यातही ‘एमएसडॉस.एसवायएस’ या फाइलमध्ये ‘बूटजीयूआय’ नावाची कळ शिल्लक होती. तिच्यापुढे शून्य लिहिले की यंत्र डॉसवरच थांबे.

ही कळ लोकांनी का जपली? डेस्कटॉप हा सर्वांत वरचा थर आहे आणि सर्वांत नाजूकही तोच आहे. त्याला ग्राफिक्स कार्डाचा बरोबर ड्रायव्हर लागतो, पुरेशी मेमरी लागते, वापरकर्त्याच्या फोल्डरात लिहायला जागा लागते. डिस्क काठोकाठ भरली की अक्षरी लॉगिन बहुधा तरीही होते. डेस्कटॉप मात्र पासवर्ड घेतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा पासवर्ड विचारतो. कोणी चुकून सर्वाधिकाऱ्याच्या (रूटच्या) हक्काने ‘स्टार्टएक्स’ चालवले आणि ‘एक्सऑथॉरिटी’ या छोट्या लपलेल्या फाइलची मालकी बदलली, तरी हाच फेरा सुरू होतो. पासवर्ड बरोबर, यंत्र धडधाकट, आणि माणूस बाहेर. त्र्यंबकेश्वर सह्याद्रीच्या माथ्याला लागून आहे. आषाढ-श्रावणात ब्रह्मगिरीवर पाऊस कोसळत असताना लाइट जाते, येते, पुन्हा जाते. अशा ठिकाणी यंत्र मध्येच बंद पडणे हा अपवाद धरता येत नाही. बिघाडाची शक्यता जिथे जास्त तिथेच सर्वांत नाजूक थराला दार बनवायचे, हे उलटे आहे.

पुरस्कर्ता : नाजूकपणाचा मुद्दा बरोबर आहे, पण तो कोणाच्या दृष्टीने मोजायचा हे राहून गेले. आपले सरकार सेवा केंद्रात उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला काढायला माणूस येतो. ते सगळे काम ब्राउझरमध्ये चालते. अक्षरी पडद्यावर उभे राहिलेले यंत्र त्या केंद्रचालकाच्या लेखी सुरू झालेलेच नसते. तंत्रज्ञाला जो सुरक्षित मुक्काम वाटतो तो इथे बंद दरवाजा आहे.

पण सोयीपेक्षा मोठे कारण लिपीचे आहे. लिनक्सच्या कर्नलमधला अक्षरी कन्सोल एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्या बाळगू शकतो आणि प्रत्येक आकृती ठरावीक मापाच्या चौकटीत बसवतो. अक्षरे एकमेकांत मिसळणे, जागा बदलणे, खाली-वर सरकणे हे त्याच्या हिशेबात नाही. देवनागरी तर त्यावरच उभी आहे. ‘त्र्यंबकेश्वर’ हेच नाव घ्या. युनिकोडमध्ये ते १३ संकेतांचे बनते : त, हलन्त, र, पुन्हा हलन्त, य, अनुस्वार, ब, क, मात्रा, श, हलन्त, व, र. वाचणाऱ्याला मात्र पाचच अक्षरे दिसली पाहिजेत : त्र्यं, ब, के, श्व, र. तेरांचे पाच करण्याचे काम अक्षरजुळणीच्या प्रोग्रामचे, आणि ते प्रोग्राम डेस्कटॉपच्या थरात राहतात. पँगो आणि हार्फबझ ही त्यांतली दोन नावे. कन्सोलवर या नावाच्या जागी रिकामे चौकोन येतात, किंवा फार तर सुटी, मोडलेली अक्षरे. ‘कि’मधली वेलांटी क नंतर साठवली जाते आणि क च्या आधी काढली जाते, कन्सोलला एवढेही जमत नाही. इंग्रजी वाचणाऱ्यापुढे दोन पर्याय आहेत, अक्षरी पडदा आणि चित्रमय पडदा, आणि तो आवडीप्रमाणे निवडतो. मराठी वाचणाऱ्यापुढे पर्याय एकच आहे. त्याच्या भाषेपुरता संगणक डेस्कटॉपपाशी सुरू होतो.

शंकाकार : हा आतापर्यंतचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष इतिहासाला धरून नाही. मराठी एकेकाळी अक्षरी पडद्यावर नांदली आहे, आणि ती किमया महाराष्ट्रातच पुरी झाली. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांच्या टर्मिनलवर काम सुरू झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि ते काम तिथे जिस्ट कार्डाच्या रूपाने वाढले. हे कार्ड पीसीच्या खाचेत बसवले की डॉसवरचे डीबेससारखे प्रोग्राम देवनागरी दाखवू लागत. प्रोग्राम बदलावा लागत नसे. तो आपल्या समजुतीने साधी अक्षरे लिहीत असे आणि पडद्यावर जोडाक्षरे उमटत. इनस्क्रिप्टचा कीबोर्ड त्याच दशकातला, आणि आयएस १३१९४ या क्रमांकाने १९९१ मध्ये मानक झालेली इस्की संकेतप्रणालीही त्याच परंपरेतली. म्हणजे खिडक्या नव्हत्या, माउस नव्हता, तरी मराठी होती. तेव्हा देवनागरीला डेस्कटॉपच लागतो असे म्हणता येणार नाही. कन्सोल लिहिणाऱ्यांनी देवनागरीचा विचार केला नाही, एवढेच म्हणता येईल. दोष रचनेचा आणि त्यावर उपाय म्हणून रचना झाकायची, हे पटण्यासारखे नाही.

पुरस्कर्ता : जिस्टचा दाखला मोलाचा आहे. पण त्या कार्डाने नेमके काय केले? अक्षरांची आकृती त्याने स्वतः रेखाटली. अक्षरी प्रोग्रामच्या खाली एक छोटे चित्रयंत्र बसवले होते, आणि त्याच्या नावातच ग्राफिक्स होते. शिवाय त्यासाठी प्रत्येक यंत्रात वेगळे हार्डवेअर विकत घेऊन घालावे लागे. नंतर हेच काम सॉफ्टवेअरकडे आले. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा होती. विंडोज २००० ने तिची जुळणी कार्यप्रणालीतच आणली. त्यात वापरलेला मंगल फॉन्ट मुंबईच्या र. कृ. जोशींनी घडवला. लिनक्सच्या बाजूला पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेले लोहित फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. जानेवारी २००७ मध्ये सी-डॅकने डेबियनवर आधारलेली बॉस ही कार्यप्रणाली आणली. तिचा सारा भर डेस्कटॉप भारतीय भाषांत देण्यावर होता. एवढ्या लोकांनी एवढी वर्षे केलेले काम ज्या थरात साठले आहे तो थर वापरणाऱ्यासमोर पहिल्यांदा का येऊ नये?

त्र्यंबकेश्वरपुरता याला एक खास पदर आहे. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळींच्या वह्या आहेत. घराणे, गाव, कोण कधी आले, बरोबर कोण होते, अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी. जुन्या मराठी नोंदींची लिपी पुष्कळदा मोडी. युनिकोडने मोडीला २०१४ मध्ये, ७.० या आवृत्तीत, स्वतंत्र स्थान दिले. या वह्या कोणी संगणकावर उतरवू लागले, तर पानाचे छायाचित्र, त्याशेजारी मोडी आणि त्याखाली देवनागरी असा पडदा लागेल. तो अक्षरी कन्सोलवर कल्पनेतही येत नाही. आणि हे काम करू शकणारी माणसे म्हणजे मोडी वाचणारी, घराण्यांची नावे ओळखणारी माणसे. ‘स्टार्टएक्स’ माहीत असणे ही त्यांच्या पात्रतेची अट असू नये.

शंकाकार : ती अट कोणी घालूही नये. वह्यांचा दाखला मान्य, आणि रोजचे काम डेस्कटॉपवरच होणार हेही मान्य. तेव्हा शंका रोजच्या दिवसाबद्दल राहिली नाही. ती यंत्र बिघडेल त्या दिवसाबद्दल आहे.

लाइट गेल्यानंतर यंत्र पुन्हा सुरू होताना फाइल-व्यवस्था तपासली जाते. आजच्या एक्स्ट-४ सारख्या व्यवस्था आपली अपुरी कामे नोंदवहीवरून बहुधा स्वतःच सावरतात. पण एखाद्या वेळी सावरत नाहीत, आणि मग सिस्टमडी आणीबाणीच्या मुक्कामी थांबतो. तिथे डेस्कटॉप नाही. काळा पडदा, पांढऱ्या इंग्रजी ओळी आणि सर्वाधिकाऱ्याचा पासवर्ड मागणारा एक प्रश्न. ज्याने यंत्र नेहमी थेट डेस्कटॉपवर उघडताना पाहिले त्याची या पडद्याशी ही पहिली भेट असते, आणि ती सर्वांत वाईट वेळी होते. एरवी नाशिकहून कोणीतरी येईल. अंतर ३० किलोमीटरच्या आतले. पण २०१५ च्या सिंहस्थातले दिवस आठवून पाहा. त्र्यंबकेश्वरची शाही स्नाने २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि २५ सप्टेंबरला झाली. अशा दिवशी वाहने गावाच्या बरीच अलीकडे थांबवतात. हरवलेल्या माणसांची नोंद ठेवणाऱ्या टेबलावरचे यंत्र त्या सकाळी आणीबाणीच्या पडद्यावर थांबले, तर तंत्रज्ञ येणार कसा? २०२६-२७ च्या सिंहस्थात अशी यंत्रे अधिक असतील, कमी नव्हे. ज्याला रोज ‘लॉगिन’ची ओळ दिसते आणि रोज एक शब्द टाइप करून तो पुढे जातो, त्याला निदान एवढे ठाऊक असते की हा काळा पडदा म्हणजे यंत्राचा मृत्यू नव्हे.

पुरस्कर्ता : इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली आल्या आहेत आणि त्या सोडवून घेतल्या पाहिजेत. यंत्र ग्राफिकल टार्गेटवर नेणे ही एक. सुरू होताना चाललेले काम झाकून चित्र दाखवणे ही दुसरी. ती कर्नलला दिलेल्या ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ या शब्दांनी होते. पासवर्ड न विचारता आत घेणे ही तिसरी. पहिली केली म्हणून उरलेल्या दोन कराव्या लागत नाहीत. ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ काढून टाकले की यंत्र रोज आपल्या हालचालींच्या ओळी दाखवत दाखवत डेस्कटॉपवर पोचते. काळ्या पडद्याची ओळख रोज होते आणि कोणाला काही टाइप करावे लागत नाही.

परतीची वाटही आधीच बांधून ठेवता येते. ग्रबच्या यादीत दुसरी नोंद ठेवावी, जी ‘सिस्टमडी.युनिट=मल्टी-युजर.टार्गेट’ एवढ्या जोडशब्दाने यंत्र अक्षरी पडद्यावर थांबवते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडला तर ‘नोमोडसेट’ची तिसरी नोंद. चालू डेस्कटॉपच्या मागे अक्षरी लॉगिन तर नेहमीच तयार असते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ दाबले की ते समोर येते. डिस्क भरून डेस्कटॉप अडला असेल तर तिथे जाऊन चार नको असलेल्या फाइली काढता येतात. नेटवर्क चालू असेल तर नाशिकचा तंत्रज्ञ रस्त्यावर न येता एसएसएच या दूरजोडणीने आत येऊ शकतो. फर्मवेअरमध्ये वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे अशी सोय बहुधा असते. यूपीएस ठेवावा, हे वेगळे सांगायला नको. एवढी तयारी असली की थेट डेस्कटॉप हा धोका उरत नाही.

शंकाकार : तीन गोष्टी वेगळ्या करणे योग्य झाले. त्यातल्या तिसरीवर मात्र थांबायला हवे, कारण व्यवहारात ‘थेट डेस्कटॉप’ म्हटले की लोकांना तीच हवी असते. लाइटडीएम किंवा जीडीएम या डिस्प्ले मॅनेजरच्या फाइलमध्ये एका वापरकर्त्याचे नाव लिहिले की यंत्र विचारपूस न करता उघडते. सेवा केंद्रात दिवसभरात लोकांच्या आधार पत्रांच्या, जातीच्या दाखल्यांच्या, बँक पासबुकांच्या प्रती स्कॅन होतात. त्या डाउनलोडच्या फोल्डरात पडून राहतात. यंत्र उघडे म्हणजे ते सगळे उघडे. वंशावळीच्या वह्यांचे तर आणखी नाजूक. वही कोणत्या उपाध्यायांची आणि तिच्यातले यजमान कोणाचे, यावर एक जुनी व्यवस्था उभी आहे. कागदाची वही फडताळात कुलुपात असते; तीच संगणकात गेली आणि संगणक बटण दाबणाऱ्या कोणालाही उघडा असला, तर ते कुलूप गेले. डिस्क सांकेतिक करून ठेवावी तर ती उघडायचा शब्द सुरुवातीलाच द्यावा लागतो, आणि मग आपोआप सुरू होण्याला अर्थ राहत नाही.

पुरस्कर्ता : स्वयंचलित लॉगिनची बाजू घ्यायचे कारण नाही. ज्या यंत्रावर कोणाची खासगी वस्तू नाही तिथे ते चालेल : दर्शनरांगेची माहिती दाखवणारा पडदा, बसच्या वेळांचा फलक. तिथे वापरकर्ताच नसतो, एक ब्राउझर पूर्ण पडदाभर उघडायचा असतो. बाकी सर्वत्र पासवर्ड विचारणारा पडदा हवा. तो मराठीत असावा आणि त्यावर इनस्क्रिप्ट व इंग्रजी यांतला कोणता कीबोर्ड चालू आहे हे ठळक दिसावे. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि ठिपक्यांआड पासवर्ड चुकत राहिला, हा अडथळा छोटा वाटतो; मराठीत काम करणाऱ्यांना तो ओळखीचा आहे.

शंकाकार : राहता राहिली मेमरी. डेबियनची मार्गदर्शिका डेस्कटॉपविना ५१२ एमबी आणि डेस्कटॉपसह २ जीबी मेमरीची शिफारस करते. देणगीतून आलेल्या जुन्या यंत्रांना हा फरक जाणवतो.

पुरस्कर्ता : जाणवतो, पण एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखे हलके डेस्कटॉप तो पुष्कळ भरून काढतात. तो अडसर यंत्र बदलले की संपतो. लिपीचा अडसर यंत्र बदलून संपत नाही.

शंकाकार : मग पुन्हा लिपीकडेच येऊ, कारण वरच्या सगळ्या तयारीत ती सुटलेली आहे. ग्रबमध्ये दुसरी नोंद ठेवली, ओळी झाकल्या नाहीत, कंट्रोल-ऑल्ट-एफ-३ शिकवले. हे सगळे करून माणूस जिथे पोचतो तिथे सगळे इंग्रजी आहे. नाशिकमध्ये आदिवासी विकास आयुक्तालय आहे आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यात आश्रमशाळा आहेत. तिथल्या एखाद्या मुलीच्या घरची बोली वेगळी, शाळेची मराठी ही तिची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. डेस्कटॉप तिच्यासाठी मराठीत आणला. चांगले झाले. ती त्यावर लिहायला, चित्र काढायला, हिशेब मांडायला शिकेल. पण यंत्र अडले की ती हात बाजूला घेईल आणि इंग्रजी येणाऱ्या माणसाची वाट पाहील. थेट डेस्कटॉपने तिला वापरकर्ती केले. यंत्र सांभाळणारी होण्याची वाट मात्र होती तिथेच राहिली. अक्षरी पडद्यावर सुरू होणाऱ्या यंत्राने ती वाट निदान रोज डोळ्यांसमोर ठेवली असती. शाळेतल्या यंत्रांपुरता तरी हा आग्रह सोडवत नाही. तिथे यंत्र वापरण्याइतकेच ते ओळखण्यासाठीही असते.

पुरस्कर्ता : वाट डोळ्यांसमोर आहे आणि वाचता येत नाही, याने शिक्षण होत नाही; भीती बसते. पहिल्याच दिवशी काळा पडदा आणि परकी अक्षरे पाहून जी मुलगी मागे सरते ती परत येईलच असे नाही. डेस्कटॉपवर रमलेली मुलगी एक दिवस टर्मिनलची खिडकी उघडेल. त्या खिडकीत आज्ञा इंग्रजी असतील, पण फाइलींची नावे मराठी असू शकतील, कारण खिडकी डेस्कटॉपच्या थरात आहे. जोडाक्षरे तिथेही कधी विस्कटतात, तरी वाचता येतात. खाली उतरायचे ते वरून, ओळखीच्या जागेपासून. हा क्रम उलटा करण्यात काही साधत नाही.

आणि ज्याला आपण अक्षरी पडदा म्हणतो तो आता खरोखर अक्षरी उरलेलाही नाही. जुन्या व्हीजीए यंत्रांत अक्षरांचा स्वतंत्र हार्डवेअर प्रकार होता : अक्षराचा क्रमांक दिला की कार्ड आकृती काढे. यूईएफआयच्या यंत्रांवर तो प्रकार वापरात नाही. तिथे काळ्या कन्सोलवरचे प्रत्येक अक्षर कर्नल ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवतो. कन्सोल हेही एक चित्रच आहे. सुरुवातीचे चित्र दाखवणारा प्लायमाउथ हा प्रोग्राम तर आपला मजकूर पँगोकडून जुळवून घेऊ शकतो, म्हणजे डेस्कटॉप येण्याआधीच देवनागरी उमटवण्याची सोय अंशतः तयार आहे. आणीबाणीचा पडदा मराठीत बोलू शकणार नाही असे सांगणारा हार्डवेअरचा कोणताही नियम आता नाही.

शंकाकार : असे असेल तर वाद अक्षर विरुद्ध चित्र असा कधीच नव्हता. कोणत्या थराला मराठी यावी, एवढाच तो होता. पण इथे अडचण नव्या जागी जाऊन बसते. कन्सोल भरवशाचा आहे तो लहान असल्यामुळे. त्याला फॉन्टचे नियम, जोडाक्षरांची कोष्टके, मोठ्या लायब्ररी यांतले काही लागत नाही. म्हणूनच बाकी सगळे कोसळले तरी तो उभा राहतो. त्याला देवनागरी शिकवायची तर पँगो, हार्फबझ आणि फॉन्ट हे सगळे मूळ फाइल-व्यवस्था जोडण्याच्याही आधी हजर असले पाहिजेत. कर्नलच्या बाहेर चालणारे कन्सोल लिहिण्याचे प्रयत्न झाले, केएमएसकॉन हा त्यांपैकी एक; पण कर्नलच्या बाहेर गेले की ते स्वतः चालू होण्यासाठी इतर गोष्टींवर अवलंबून राहतात. डेस्कटॉप नाजूक आहे ही जी तक्रार सुरुवातीला केली, तिची कारणे मग खालच्या थरातही येतील. मराठी येणारा कन्सोल इंग्रजी कन्सोलइतका खात्रीचा होईल असे आज कोणी म्हणू शकेल का?

पुरस्कर्ता : आज नाही म्हणू शकणार. पण त्या खात्रीची किंमत कोण देते हेही पाहायला हवे. कन्सोल लहान राहू शकला, कारण रोमन लिपीला जुळणी लागत नाही. ज्यांची भाषा त्या चौकटीत बसते त्यांना भरवसाही मिळाला आणि भाषाही. बाकीच्यांना दोहोंतून एक निवडायला सांगितले जाते. इंग्रजीतला खात्रीचा पडदा आणि मराठीतला नाजूक पडदा यांत सेवा केंद्रातल्या माणसाने रोजच्यासाठी दुसरा निवडला, तर ती निवड चूक ठरवता येत नाही.

शंकाकार : रोजच्यासाठी नाही. सिंहस्थातल्या त्या सकाळी, रांगेत ताटकळलेल्या माणसांसमोर, त्याच माणसाला विचारले तर तो कदाचित पहिला निवडेल, आणि तो वाचून दाखवणारे कोणी शेजारी आहे का ते पाहील. दोन्ही वेळा तो बरोबरच असेल. यंत्रात मात्र सुरू होण्याची जागा एकच लिहून ठेवता येते.